नाना, केबिनमधला तो चहा मी प्यालो

नाना,

तुम्हाला जाऊन चार दिवस झाले तेव्हा मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. अंकासाठी तुमच्यावर दोन पानं हवीत आणि रविवारच्या शोकसभेत दहा मिनिटं बोलायचं. "बाकी सगळे रडतीलच, सर," ते म्हणाले. "तुम्ही आपलं जरा हलकंफुलकं करा. तुमच्या त्या फजित्या असतात ना, तसं. नानांनाही आवडेल." मी हो म्हणालो. मी कशालाही हो म्हणतो. माझ्या बहुतेक फजित्या ह्याच एका अक्षरानं सुरू झालेल्या आहेत, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तेव्हापासून तीन दिवस टेबलाशी बसतोय. एक वाक्य लिहितो, ते विनोदाकडे वळतं. खोडतो. दुसरं लिहितो, तेही वळतं. माझी लेखणी म्हणजे आपल्या शाळेची ती एका बाजूला ओढणारी सायकल झाली आहे, हँडल कितीही सरळ धरा, जाणार गटाराकडेच. आणि मला कारण ठाऊक आहे. मी जगाला माझ्या सगळ्या चुका सांगितल्या. मुलाखतीला दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेलो ते सांगितलं, परक्याच्या लग्नात जेवून आहेर देऊन आलो ते सांगितलं, गणिताच्या पेपराला इतिहासाची उत्तरपत्रिका तपासली तेही सांगितलं. एक सांगितली नाही.

तर आधी ती सांगतो. अकरा वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या, तुम्हाला धरून, पाच मास्तरांपैकी ज्या एकानं शिक्षण खात्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसून चहा घेतला आणि शाळा बंद करायच्या कागदावर सही केली, तो मी.

लिहिलं. भिंतीवरची पाल सुद्धा हलली नाही.

आता ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांना हा चहा म्हणजे काय ते कळणार नाही, म्हणून जरा मागे जावं लागेल.

तुमची रविवारची बैठक. गुजरातेतल्या भेस्तानला तुमच्या घरापुढचा ओटा, वर पत्रा, कापडाच्या लूमवरून सुटी मिळालेले पंचवीस-तीस कारागीर, सगळे आपल्या धुळे-नंदुरबारकडचे, आणि मध्ये तुम्ही, मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन. त्या वहीत तुम्ही एका माणसाचं चरित्र स्वतःच्या हातानं लिहून काढलं होतं, आपल्या लोकांना कळेल अशा भाषेत, जागोजागी अहिराणी पेरून. हातात काठीशिवाय काही न घेता ज्यानं गोऱ्यांच्या राज्याची झोप उडवली, तो माणूस. त्याचं नाव मात्र तुम्ही बैठकीत कधी घेतलं नाही. "म्हातारा" म्हणायचात. मी विचारलं तर म्हणालात, "नाव घेतलं की लोक हात जोडतात रे. आणि एकदा हात जोडले की ऐकायचं बंद करतात."

त्यामुळे तुमच्या कथेत म्हातारा लहानपणी अंधाराला भ्यायचा, म्हातारा तेराव्या वर्षी बोहल्यावर चढायचा आणि म्हातारा आईला वचन देऊन विलायतेच्या बोटीत बसायचा. भिकन एकदा न राहवून बोललाच. भिकन म्हणजे बारा बारा तास लूमपाशी उभा राहून रविवारी सगळ्यात पुढं बसणारा आपला कारागीर. तो म्हणाला, "नाना, सात वरीसना म्हतारा कसा व्हई?"

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तुनी माय तुले आजबी पोऱ्याच म्हनस ना? तसं."

मी त्या बैठकीत येऊ लागलो तो चरित्रासाठी नव्हे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. वहिनींच्या हातच्या कळण्याच्या भाकरीसाठी यायचो. चरित्र मला अर्धवटच पटायचं. मिठाच्या त्या चालण्याची गोष्ट ऐकून सगळ्यांना स्फुरण चढलं आणि आपण भेस्तानहून दांडीपर्यंत दोन दिवस पायी जायचं ठरवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारी माझ्या टाचा सोलल्या. मी मागं रेंगाळलो आणि एक शटल रिक्षा पकडली. रिक्षावाला इतका भला की त्यानं मला तुमच्या सगळ्यांच्या पुढं तीन मैल नेऊन सोडलं. तुम्ही धुळीनं माखून आलात तेव्हा मी एका टपरीवर बसून शहाळं पीत होतो. लपायला शहाळ्याखेरीज काही नव्हतं. गावातली दोन माणसं स्वागताला उभी होती. तुम्ही माझ्याकडे बोट करून त्यांना म्हणालात, "हे आमचे पुढं पाठवलेले स्वयंसेवक. सोय बघायला." आणि मग माझ्या शेजारी बसून, माझ्या टाचांना हळद लावत हळूच म्हणालात, "उद्या रिक्षा मिळाली तर मलाही हाक मार."

तुम्ही असे होतात. म्हणून तर पुढचं इतकं अवघड झालं. कडक माणसाशी खोटं बोलणं सोपं असतं.

मग ती नोटीस आली. मराठी शाळेत मुलं कमी झाली, म्हणून वर्ग हायवेपलीकडच्या गुजराती शाळेत मिसळायचे. मुलं कमी झाली होती हे खरंच होतं, पण जी उरली होती ती भिकनसारख्यांची होती. हायवे ओलांडून, वेगळ्या भाषेत शिकायला ती कितपत जाणार, हे आपल्या पाचही जणांना ठाऊक होतं. तुम्ही वही उघडली नाही. पाठच होतं. म्हणालात, "राज्य बंदुकीवर चालतं असं आपल्याला वाटतं. म्हाताऱ्याला कळलं होतं की ते आपल्या हो म्हणण्यावर चालतं." आणि तुम्ही तीन नियम घातले. ऑफिसात जायचं, नमस्कार करायचा, प्रेमानं बोलायचं, पण साहेबाच्या खुर्चीवर बसायचं नाही, साहेबाचा चहा घ्यायचा नाही आणि साहेबाच्या कागदावर सही करायची नाही.

मला हसू आलं होतं. "नाना, चहानं काय होतं?"

"सही एकदम कुणी करत नाही रे," तुम्ही म्हणालात. "आधी बसतो. मग चहा घेतो. मग सही करतो."

रोज सकाळी आईबाप शाळेच्या पटांगणात येऊन बसायचे. रातपाळी करून आलेले बाप बसल्या बसल्या पेंगायचे. घोषणा नाही, फलक नाही. तुम्ही म्हणायचात, आपण बसलोय एवढं दिसलं पुरे. तीन आठवडे झाले. साहेब दोनदा गाडीतून येऊन, काचेतून बघून गेले. काहीतरी हलतंय असं वाटायला लागलं होतं.

आणि मी रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात गेलो. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एवढंच काम. अर्ज शिपायाकडे देऊन परत फिरायचं, तर साहेबांनी केबिनच्या दारातून मला बघितलं.

"अरे मास्तर, ऊभा केम छो? आवो, बेसो ने."

साहेब भला माणूस निघाला, नाना. तिथंच घात झाला. ओरडला असता, धमकावलं असतं, तर मी तुमचा चेला शोभलो असतो, छाती काढून उभा राहिलो असतो. पण त्यानं स्वतः उठून खुर्ची पुढं ओढली. नोकरीच्या एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कुणी खुर्ची ओढली नव्हती, लग्नात सुद्धा मी पाट शोधत हिंडलो होतो. मी बसलो. उभं राहणं उद्धटपणाचं दिसलं असतं. मग चहा आला, आलं आणि फुदिना घातलेला. मी नको म्हणालो. साहेब म्हणाले, "चा तो पीवी ज पडे." मी प्यालो. नाकारणं उद्धटपणाचं दिसलं असतं. त्यांनी आईच्या डोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, वर्ग मिसळले की मास्तर इकडेतिकडे जाणारच, लांब कडोदऱ्याच्या पुढं एक जागा रिकामी आहे आणि एक तुमच्या घराजवळच आहे. आई म्हातारी, रोज एवढं लांब कसं जाणार तुम्ही? कागद असा समोर होता. शिक्षकांच्या वतीनं हरकत नाही. पाचांपैकी कुणा एकाची सही चालेल.

माझ्या खिशातल्या पेनातली शाई संपलेली होती. तो देवानं दिलेला शेवटचा इशारा होता, पण साहेबांनी आपलं पेन दिलं. पेन नाकारणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

तुमचे तिन्ही नियम मी मोडले, आणि अगदी तुम्ही सांगितलेल्या क्रमानं. वर्गात मी एवढा आज्ञाधारक कधी नव्हतो.

आठवड्यात कागद आला, 'शिक्षकांची संमती मिळाली आहे' म्हणून. पटांगण रिकामं झालं. शेवटच्या दिवशी तुम्ही आम्हा चौघांना चिंचेखाली उभं केलं. तुमचा आवाज नेहमीसारखाच होता, त्याचीच मला भीती वाटली. तुम्ही म्हणालात, "केबिनमध्ये एक चहा गेला. शिपाई मला नाव सांगत होता, मी त्याला थांबवलं. कागदही मी मागवणार नाही. ज्यानं घेतला तो मला येऊन सांगेल. तोवर त्याच्या वाटणीचा चहा मी सोडला."

तुम्ही. दिवसाला सहा कप पिणारा माणूस. बशीत ओतून, डोळे मिटून, पहिल्या घोटाला 'हां' म्हणणारा.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी जीभ उचलली सुद्धा. पण आपल्या पाचांतल्या पाटीलबाई रडायला लागल्या आणि सगळे त्यांच्याकडे वळले. पुढच्या महिन्यात पाटीलबाईंना त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवरची शाळा मिळाली, निव्वळ योगायोगानं, आणि लोकांनी त्या रडण्याला त्या शाळेची गाठ मारून टाकली. मलाही घराजवळची शाळा मिळाली होती. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. भिकन तर सगळ्यांसमोर म्हणाला, "शरद सर कसाले करतीन सही? त्यासना खिसामा पेन तरी ऱ्हास का?" सगळे हसले. मीही हसलो. आयुष्यभर जमवलेल्या मूर्खपणाच्या कीर्तीनं मला पहिल्यांदाच काही दिलं, आणि ते हे दिलं.

तुम्ही लोकांना म्हणायचात, "नाव मला माहीत नाही, म्हणजे तुम्हालाही माहीत नाही." ते तुमच्यापुढं मान डोलवायचे. बाईंना मात्र हळदीकुंकवाची बोलावणी यायची बंद झाली. मला ते दिसत होतं, नाना. न दिसण्याइतका मी मूर्ख कधीच नव्हतो.

मग सुरू झाली अकरा वर्षं. मी रोज संध्याकाळी तुमच्याकडे येत राहिलो. न येणं संशयाचं दिसलं असतं, असं आधी वाटायचं, नंतर यायची सवय झाली आणि शेवटी तर तुमच्याशिवाय संध्याकाळ जात नव्हती. वहिनी आतून एक कप चहा आणायच्या, माझ्यापुढं ठेवायच्या. तुमच्यापुढं गरम पाणी. "पी रे, गार होईल," तुम्ही म्हणायचात. मी प्यायचो. नाही कसं म्हणणार? चहा सोडला म्हटलं तर 'का' विचारलं असतं. एकदा आम्लपित्ताचं निमित्त केलं, तर तुम्ही वैद्याकडून चूर्ण आणून दिलंत आणि आठ दिवसांनी विचारलंत, "आता चालतो ना चहा?" त्या ओट्यावरच्या खुर्चीत मी जितका अडकलो तितका कुठल्याच कोठडीत कुणी अडकला नसेल. दार सताड उघडं होतं आणि समोर तुम्ही हसत बसलेले होतात.

आपलं भांडण आठवतंय? सगळे म्हणायचे, शरद सर इतका हसरा माणूस, पण म्हाताऱ्याच्या उपासाचा विषय निघाला की चवताळतो. मी म्हणायचो, "नाना, उपास ही सुद्धा मारहाणच आहे. स्वतःला उपाशी ठेवून दुसऱ्याच्या मानेवर बसणं. इंग्रजाला लाठी तरी दिसत होती. ह्याला काय दिसतं?"

तुम्ही म्हणायचात, "म्हाताऱ्याचे उपास इंग्रजांवर कमी आणि आपल्याच माणसांवर जास्त होते. परक्यावर कोण उपास करतो?"

"म्हणजे जवळच्याला छळायचं."

"छळ आहेच. नाही कुठं म्हणतो मी?"

"मग सरळ दोन थोबाडीत मारलेल्या परवडल्या."

"मारू का?" तुम्ही हात उचलून विचारलंत.

"मारा," मी म्हणालो. मी अगदी खरं म्हणालो होतो. कारागीर खो खो हसले. तुम्ही हात खाली घेतलात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलात. तो वाद आपला तिथंच राहिला. मला अजूनही वाटतं माझ्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. पण ज्याच्या तोंडी ते होतं त्याला ते म्हणायचा हक्क नव्हता.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. तुमच्या वहीत सगळ्यात लाडकं प्रकरण चिठ्ठीचं होतं. म्हातारा पंधराएक वर्षांचा असताना त्यानं घरातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा चोरला, आणि मग राहवेना, तेव्हा कबुलीची चिठ्ठी लिहून आजारी बापाच्या हातात दिली. बाप उठून बसला, वाचली, डोळ्यांतून पाणी गळलं, चिठ्ठी फाडली आणि परत आडवा झाला. बोलला काही नाही. मला वाटलं, हेच करावं. मी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली आणि शनिवारी तुम्ही आत गेलात तेव्हा वहीत बरोबर त्याच प्रकरणात ठेवून दिली. पुढं कधीतरी एकटे असताना तुम्ही ते पान उघडाल, अशी माझी कल्पना. दुसऱ्या दिवशी बैठकीत तीस माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "आज चिठ्ठीचं प्रकरण."

मी उडी मारली. भिकनच्या मांडीवर पाय देऊन पुढं गेलो आणि तुमच्या हातातून वही ओढून म्हणालो, "नाना, आज मी वाचतो." वही उघडली तर चिठ्ठी वरच. ती तळव्याखाली दाबून धरली आणि वाचायला लागलो. एका हातात त्याची कबुली आणि त्याच हाताखाली माझी. माझा आवाज कापत होता, घाम गळत होता, बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं तिथं तर मी अडखळून तेच वाक्य दोनदा वाचलं. मान वर केली तर भिकन पदरासारखा रुमाल तोंडाला लावून रडत होता. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "शरद, एवढी वर्षं मी वाचतोय, पण आज तू वाचलंस तसं मला जमलं नाही रे." त्यानंतर ते प्रकरण कायमचं माझ्याकडे आलं. दर वर्षी वाचायचो. दर वर्षी लोक रडायचे. मी घरी येऊन ती चिठ्ठी फाडली, म्हणजे बापाचं कामही मीच उरकलं.

तुम्हाला कळलं होतं का, नाना? ह्या प्रश्नानं मला गेले आठ दिवस पोखरलंय. इस्पितळातला तो बुधवार. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता जे मागतील ते द्या. वहिनी तुमच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो, दोन चमचे चहा देऊ?" तुम्ही मान हलवलीत, नको म्हणून, आणि माझ्याकडे बघितलंत. कळून बघितलंत की नुसतेच डोळे माझ्या बाजूला वळले, कोण सांगणार? वहिनी औषध आणायला खाली गेल्या. खोलीत आपण दोघंच होतो. दहा मिनिटं. मला माहीत होतं की ही शेवटची दहा मिनिटं आहेत. आणि मी तुम्हाला काय सांगितलं? लिफ्टमधून चुकून बाळंतिणींच्या मजल्यावर गेलो आणि एका म्हाताऱ्या बाईनं मला बाळाचा आजोबा समजून पेढा भरवला, ते सांगितलं. तुमच्या ओठाचा कोपरा हलला. हसवलं मी तुम्हाला. तेवढंच येतं मला.

परवा वहिनींकडे गेलो. दिवस चालू होते, सतरंजीवर त्या एकट्याच होत्या, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ दुपारी जरा थांबली होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं, केबिन, खुर्ची, चहा, सही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी काही सांगितलं आणि कुणी हसलं नाही.

वहिनींनी सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढला. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं ह्या घरात चहा फक्त तुमच्यासाठी होत होता, शरदभाऊ."

"फक्त माझ्यासाठी म्हणजे?"

"ते पीत नव्हते, मग मी कशी पिणार? एक कप टाकायचे. तुमचा." त्यांनी दोरा सोडला. "त्याचं काही नाही. सुटली सवय."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"पाटीलबाई संक्रांतीला आल्या होत्या. पहिल्याच वर्षी. तिळगूळ घेऊन. मी दार अर्धंच उघडलं. आत या म्हटलं नाही. वाटी घेतली न् दार लावलं. ह्यांना सांगितलं नाही, ते रागावले असते." पदरानं डोळे नाही, कपाळ पुसलं त्यांनी. "तुम्हाला माहीत होतं लोक त्यांच्यावर आळ घेतात म्हणून?"

"होतं."

"आणि तुम्ही रोज येऊन बसत होता."

"हो."

"रोज हसवत होता."

मी म्हणालो, "वहिनी, नानांना कळलं असेल का?"

"आता ते विचारून कुणाला सोडवताय? स्वतःलाच ना?" त्यांनी उशाखालचा मोबाईल काढला, लांब धरून नंबर शोधला. "बाई जळगावला लेकीकडे असतात. मी त्यांना रविवारी बोलावते. मला माझं सांगायचंय त्यांना. तुमचं तुम्ही सांगा."

"एकटं भेटून सांगू का?"

"त्यांचं नाव एकट्यात नव्हतं गेलं, भाऊ. चारचौघांत गेलं. चारचौघांत परत करा." फोन लागत होता तोवर त्या माझ्याकडे बघत होत्या. "आणि एक करा. गोष्ट करून सांगू नका. तुम्ही गोष्ट केली की लोक तुम्हाला माफ करून टाकतात."

बाई येतायत, नाना. सकाळच्या गाडीनं येऊन दुपारी सभेला. वहिनींनी त्यांना आपल्या शेजारची जागा धरून ठेवली आहे.

हे पान अंकासाठी देतोय. हलकंफुलकं झालं नाही म्हणून चिटणीस परत करतील कदाचित, आणि पुन्हा वाचताना दिसतंय की जागोजागी मी गोष्ट केलीच आहे. खोड जात नाही. केबिनमधल्या त्या पेनावर सुद्धा विनोद करून झाला. म्हणून ह्या कागदावर माझा भरवसा नाही. रविवारी उभं राहून बोलावं लागेल.

मला काळजी वेगळीच आहे. सभेत माझं नाव पुकारलं की लोक सावरून बसतील. दोन तास रडून दमलेले असतील बिचारे, त्यांना वाटेल, आले शरद सर, आता जरा हसू या. मी म्हणेन, केबिनमधला तो चहा मी प्यालो, सही मी केली, पाटीलबाईंनी नाही. आणि ते हसतील. भिकन सगळ्यात मोठ्यानं हसेल. माझी वाक्यं ऐकून हसायचं, ही सवय त्यांना मीच लावली आहे.

मी थांबेन. मागच्या रांगेतलं शेवटचं हसू संपेपर्यंत थांबेन, आणि पाटीलबाईंकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हणेन.